माणसाचं हुबेहूब ॲनिमेशन शिकायचंय, नवखा आहे, लॅपटॉप साधा आहे. क्लासचे सर म्हणतात मायाशिवाय पर्याय नाही. फी भरू का?

ब्लेंडर घ्या. मायासारखंच थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, पण फुकट आहे, आजच उतरवून घ्या.

एरवी एवढ्यावर थांबलो असतो, पण 'मायाशिवाय पर्याय नाही' हे वाक्य मी २०१७ साली सोलापुरातल्या एका क्लासात रोज ऐकलंय. आमच्या सरांचा मुद्दा एकच, ब्लेंडरमध्ये राईट क्लिकनं सिलेक्ट होतं, म्हणजे ते येड्यांचं सॉफ्टवेअर. (जुलै २०१९ च्या २.८ पासून लेफ्ट क्लिक झालंय, सर.) वर्षाची फी भरून सहा महिने आम्ही चेंडू उसळवला. माया अर्थातच चोरीची.

मग २०२० च्या गड्ड्याआधी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेआधी, मी मनावर घेतलं. बाराबंदी घातलेला माणूस नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी, पेलून चालतोय, असं दहा सेकंदांचं करायचं. मेकह्यूमन या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ओढून माणूस घडवला, पात्रात आपोआप हाडं बसवणाऱ्या मिक्सामो या साइटवर चढवला, हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे, जांघ इथं खुणा ठेवल्या. दोन मिनिटांत हाडं बसली. तिथलीच चालण्याची क्लिप लावली, ब्लेंडरमध्ये आणून हातात काठी दिली. रात्रीचे अडीच वाजलेले. मी खूश.

सकाळी आजोबांना दाखवलं. आयुष्य मागावर गेलं त्यांचं, आणि तरुणपणी नंदीध्वज पेललेला. चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "काय बे, ही काठी हाय का छत्री?"

उठले, कपडे वाळत घालायचा बांबू काढला, कमरेशी टेकवला आणि अंगणात चालून दाखवलं. आधी गुडघा वाकतो, कंबर त्या पायावर सरकते, भार बसला की मगच मागचा पाय सुटतो. छाती मागं, नजर काठीच्या टोकाला. "पायाकडं बघितलं की गेलं." मी ते फोनवर घेतलं. माझ्या माणसाची कंबर सरळ रेषेत पुढं जात होती आणि पाय फरशीवर घसरत होते, हे तेव्हा दिसलं.

मिक्सामोची चाल पुसून टाकली. आजोबांचा व्हिडिओ मागं लावून आधी फक्त कंबर हलवली, मग पाय, हात शेवटी. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर साधं पाऊल १२ फ्रेमचं. आजोबांचं मोजलं, २१ भरलं. तीन आठवडे गेले, तोवर गड्डा उरकलासुद्धा.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "मायात केलं असतं तर आणखी खरं वाटलं असतं." मायात काय माणसाला दोन कंबरा असतात की काय?

आता राहिलेली सॉफ्टवेअरं. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत नोकरीच करायची असेल तर माया लागते, हे खरं आहे. पण ब्लेंडरवर हात बसल्यावर ती शिकणं जड जात नाही. चेहरे हवे असतील तर एपिकचं मेटाह्यूमन भारी आहे, फक्त माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपनं मान टाकली. उड्या-मारामारीला कॅस्केडर बघा. आयक्लोन सोपं आहे, पण पैसे लागतात. डॅझ फुकट दिसतं, मग केस-कपड्यांपाशी खिसा कापतं. मिक्सामोला अडोबीचं खातं काढावं लागतं, आणि तिथं दोन पायांचीच पात्रं चालतात, बैलजोडी चढवायला जाऊ नका. मी गेलो होतो.

फीचं राहिलंच की. भरू नका. त्यातनं रॅम वाढवा. आणि सर फारच अडून बसले तर त्यांना सांगा, राईट क्लिक अजून आहे, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन परत लावता येतं.