भीमा नदी सोलापूरच्या लोकांच्या रोजच्या जगण्याशी कशी जोडलेली आहे?

माझं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. त्यामुळे आमच्या पारावर जे बोललं जातं, तेच सांगतो.

पावसाळ्यात आमच्याकडे आभाळापेक्षा दौंडच्या विसर्गाची, म्हणजे तिथं नदीतून किती पाणी वाहतंय याची, चौकशी जास्त होते. जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्यावर ना उसाचं भागतं, ना शहराचं. नदीला येणारं पाणी पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर पडतं. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांना पोटात घेत ते दौंडवरून उजनी धरणात उतरतं. म्हणून सकाळी मोबाईलवर पहिला मेसेज असतो तो दौंडचे क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आणि उजनीचे टक्के. पेरणी, उसाची लागण, लेकीचं लग्न, सगळं त्या टक्क्यांवर ठरतं.

1980 साली पूर्ण झालेल्या उजनीत 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, वापराच्या हिशोबात न धरलेलं पाणी आहे. उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी. तो संपला की धरण ‘मायनस’मध्ये जातं. 2024 च्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. ‘उजनी प्लस झाली’ हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते बघायला इथं यायला हवं.

आता मुख्य गोष्ट. उजनीच्या खाली भीमा वर्षातले बरेच महिने आपणहून वाहत नाही, ती सोडावी लागते. सोलापूर शहराला पाणी हवं असलं की धरणातून नदीत पाणी सोडतात. ते दोनशेहून जास्त किलोमीटर वाहत आठ-दहा दिवसांनी औज बंधाऱ्यात पोचतं आणि टाकळीहून शहराकडे उपसलं जातं. वाटेत कोरडी वाळू पिते, ऊन पितं, आणि आम्ही पितो. एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं, शहराच्या पदरात त्यातलं थोडंच पडतं. म्हणून पाणी जवळ आलं की नदीकाठच्या गावांची शेतीची वीज तोडून दिवसातून मोजकेच तास देतात. मोटार नदीत, नदी भरलेली, शेजारी ऊस वाळतोय, आणि लाईट नाही. त्यावरून किती भांडणं झाली त्याला गणती नाही. पण शहरातल्या बाईला चार-चार दिवस नळाची वाट बघावी लागली आहे, हेही खरं. माझी मावशी तिथं राहते. तिची घागर आणि माझं रान एकाच पाण्यावर आहे, त्यामुळे मला कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

पंढरपूरला हीच नदी चंद्रभागा होते. आषाढीत लाखो वारकरी तिथं स्नान करतात, त्यासाठीही धरणाकडेच बघावं लागतं. पाणी कमी पडलं तर डबक्यात अंघोळ, जास्त झालं तर वाळवंटातली मंदिरं पाण्यात. वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे भाविकांचे जीव घेतात, याचा मला फार राग येतो. आणि वरच्या शहरांचं सांडपाणी याच नदीतून खाली येतं, त्याच पाण्यात माणूस श्रद्धेने बुडी मारतो.

पुराचं गणित वेगळं. नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी नरसिंहपूरला भीमेला मिळतं, म्हणून उजनी आणि वीर दोन्हीकडून एकदम सोडलं की आम्ही रात्रीच मोटारी वर काढतो. आणि भीमेला मिळणाऱ्या सीना नदीला कमी समजू नका. सप्टेंबर 2025 मध्ये माढा, मोहोळ भागात तिने उभी पिकं आणि गोठे धुऊन नेले.

भीमा आणि सीना या दोन्ही नद्या आमच्याच तालुक्यात, हत्तरसंग कुडलला मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. आलात तर जरूर बघा.

सध्या काठावर बोलणं चालतं ते उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीचं. शहराला सगळं पाणी थेट नळाने मिळालं तर नदीत सोडायचं कारण उरत नाही, आणि काठची गावं इतकी वर्षं त्याच सोडलेल्या पाण्यावर जगली आहेत. जलवाहिनी हवीच. पण बंधारे भरण्यासाठी नदीच्या वाट्याचं पाणी कागदावर वेगळं मंजूर झालं पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.