घाटात एसी बंद करायची सवय आणि क्लायमेट कंट्रोलचे पाऊण लाख

प्रश्न असा आहे: "कराडला राहतो. मधल्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये पाऊण लाखाचा फरक आहे आणि त्यात मुख्य म्हणजे ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल. त्याने खरंच आराम वाढतो का? घाटात पिकअपवर, ॲव्हरेजवर काय परिणाम होतो? घरी वयस्कर आईवडील आहेत."

शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. क्लायमेट कंट्रोल म्हणजे आपण हवं ते तापमान लावायचं आणि ते राखायचं काम एसीने स्वतः करायचं. माझं उत्तर: घ्या. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मे २०१६. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पुण्यात बायपास झाली होती आणि डिस्चार्ज घेऊन आम्ही साताऱ्याला परत निघालो होतो. गाडी दादाची, १२०० सीसीची पेट्रोल, एसी साधा, फिरवायच्या बटणांचा. अण्णा पुढे, सीट मागे ढकलून. मी मागे, मांडीवर फायलींची पिशवी. कागदपत्रं होईस्तोवर दुपारचा एक वाजला, त्यामुळे शिरवळ सोडलं तेव्हा ऊन नुसतं रणरणत होतं. खंडाळा मागे पडलं, खंबाटकीचा चढ दिसायला लागला आणि दादाने नेहमीसारखं बोट पुढे करून एसी बंद केला.

"दादा, असू दे की चालू."

"आरं, घाट चढंस्तवर. इंजनावर लोड येतो. वर गेलं की लावतो."

वर जायला पन्नास मिनिटं लागली. मधल्या वळणावर एक कंटेनर बंद पडला होता. तेव्हा पुण्याकडून येणाऱ्याला घाटच चढावा लागायचा, बोगदा साताऱ्याकडून जाणाऱ्यांसाठी होता, त्यामुळे वळून दुसरीकडून जायची सोय नव्हती. काचा बंद ठेवल्या तर आत भट्टी, उघडल्या तर पुढच्या ट्रकचा धूर थेट तोंडावर. मी ईसीजीच्या फायलीने वारा घालत होतो. अण्णांच्या छातीवरच्या ड्रेसिंगची चिकटपट्टी घामाने एका कोपऱ्यात सुटली आणि उलटी वळली. ते ती बोटाने दाबून बसवायचे, ती परत सुटायची. एसी लाव म्हणून ते एकदाही म्हणाले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "काच जरा खाली घे रं." मी दादाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा एकच उत्तर: उभ्या गाडीत एसी लावला तर गाडी गरम होईल. मी मागून वाकून बघत होतो, टेम्परेचरचा काटा मधोमध होता, तसूभरही हलला नव्हता. घरी पोचल्यावर आधी कंपाउंडरला बोलावून ड्रेसिंग बदलून घेतलं.

दादा वाईट माणूस नाही. अण्णांच्या ऑपरेशनचा निम्म्याहून जास्त खर्च त्याने केला. त्याची ती सवय आली कुठून, हे मला नंतर कळलं. तो गाडी शिकला मारुती ८०० वर. इंजिन ७९६ सीसी, ताकद ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि जोरात चालू असताना दोन-चार हॉर्सपॉवर सहज खातो. सदतीसातून चार गेले, वर पाच माणसं आणि सामान, म्हणजे चढावर दुसरा गिअरसुद्धा पुरत नसणार. त्या गाडीत एसी बंद करून घाट चढणं हा शहाणपणाच होता. पण ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरच्या गाडीला तोच नियम लावायचा, आणि तोही शेजारी बायपासचा पेशंट बसलेला असताना, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. आताच्या पुष्कळ गाड्यांत तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात की इंजिनचा कॉम्प्युटरच काही सेकंद कॉम्प्रेसरचा इंजिनशी जोड तोडतो. ओव्हरटेक झाला की परत जोडतो. इंजिन जास्त तापलं तरी तोच तोडतो. म्हणजे दादा बोटाने जे करत होता ते गाडी स्वतःच करते, आणि लागेल तेवढाच वेळ करते.

आता क्लायमेट कंट्रोल. एक गैरसमज आधी काढून टाका: त्याने गाडी जास्त गार होत नाही. कॉम्प्रेसर तोच, कूलिंग कॉईल तीच, गॅसही तोच. फरक आहे तो हे सगळं कोण चालवतं यात. आतल्या हवेचा एक सेन्सर असतो, बहुधा स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीमागे. बाहेरच्या हवेचा पुढच्या बंपरमागे. आणि बऱ्याच गाड्यांत काचेखाली डॅशबोर्डवर काळ्या बटणासारखा उन्हाचा सेन्सर. तुम्ही २४ लावलंत की हे तिन्ही बघून गाडी ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, कमी-जास्त करते, आणि आतली छोटी झडप फिरवून गार हवेत इंजिनच्या गरम पाण्यावरून आलेली हवा हवी तेवढी मिसळते. तापलेल्या गाडीत बसलात की ब्लोअर आधी जोरात सुटतो, आतलं उतरलं की आपोआप मंद होतो. १८ लावलं म्हणून लवकर गार होत नाही. सुरुवातीला २४ ला पण तो जोरातच चालतो.

म्हाताऱ्या माणसांना या मंद होण्याचाच खरा उपयोग. साध्या एसीत काय होतं? चालवणाऱ्याला उकडतं म्हणून तो चारवर ब्लोअर ठेवतो, दहा मिनिटांत अण्णांचा खांदा दुखायला लागतो, मग बंद कर, मग परत उकडतं, मग परत लाव. आणि बंद करायचं की लावायचं हे स्टिअरिंगवर बसलेला ठरवतो. मागे बसलेल्याने किती वेळा म्हणायचं? २०१९ ला मी माझी गाडी घेतली तेव्हा बाकी काही न बघता क्लायमेट कंट्रोल बघितला. अण्णांना २५ मानवतं. २५ लावतो आणि पुण्यापर्यंत हात लावत नाही.

ॲव्हरेजचं. माझ्या गाडीत टाकी फुल करून मोजलं तेव्हा हायवेला एसीसकट आणि एसीशिवाय लिटरमागे एक-दीड किलोमीटरचा फरक आला. हा फरक एसीचा आहे, क्लायमेट कंट्रोलचा नव्हे. २३ च्या जागी २५ लावून पेट्रोल खूप वाचेल अशीही आशा ठेवू नका, कारण पुष्कळ गाड्यांत हवा आधी पूर्ण गार होते आणि मग तिच्यात गरम हवा मिसळते. व्हेरिएबल, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त काम करणारा, कॉम्प्रेसर असेल तर थोडं वाचतं. त्यापेक्षा आतलीच हवा फिरवण्याचं बटण उन्हाळ्यात जास्त कामाला येतं. फक्त लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर चालवणाऱ्याला झापड येते.

पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना तर याचा फारच फायदा. गारठा वाटतो म्हणून लोक एसी बंद करतात, काच आतून धुरकटते, मग फडक्याने पुसत पुसत चालवतात. एसी हवेतला ओलावा काढतो. तो चालू ठेवून तापमान २५-२६ करा, काच स्वच्छ आणि आत ऊबही.

दादाचं म्हणणं मात्र तेच राहिलं: हे सगळे आजकालचे नखरे. आजकालचे नाहीत, कॅडिलॅकने १९६४ सालच्या गाड्यांत आपोआप तापमान राखणारी यंत्रणा दिली होती. पुढे त्याने स्वतः नवी गाडी घेतली, त्याला ऑटो गिअर हवा होता आणि तो वरच्या व्हेरिएंटमध्येच होता, त्यामुळे क्लायमेट कंट्रोलही आला. एप्रिलमध्ये आम्ही त्या गाडीने वाईला लग्नाला चाललो होतो. अण्णा पुढे. लिंब मागे पडलं तरी गारवा लागेना. दादा म्हणाला, "बघ, म्हणलं नव्हतं? ह्या ऑटोचा काय उपेग नाय." मी पुढे वाकून बघितलं. काच पुसायचा पिवळा नॅपकिन ओला होता म्हणून त्याने डॅशबोर्डवर वाळत घातला होता, बरोबर त्या काळ्या बटणावर. भर दुपारी बाराला गाडीचे हेडलाईट चालू होते, कारण त्याच बटणात ऑटो हेडलाईटचाही सेन्सर आहे. गाडीला वाटत होतं बाहेर अंधार आहे. मी नॅपकिन उचलला. थोड्या वेळात हेडलाईट विझले आणि ब्लोअरचा आवाज चढला. पाचवडला वळेपर्यंत अण्णांचा डोळा लागला होता. दादाने नॅपकिन माझ्या हातातून घेतला आणि दाराच्या खणात ठेवला. एसीचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही, मीही नाही.

काही गोष्टी घेण्याआधी लक्षात ठेवा. झडप फिरवणारी छोटी मोटर किंवा सेन्सर गेला तर वॉरंटीनंतर खर्च साध्या एसीपेक्षा जास्त येतो, आणि गावातला प्रत्येक एसीवाला त्याला हात लावत नाही. आईवडील मागेच बसणार असतील तर मागच्या एसी व्हेंट्स आधी बघा, आतला सेन्सर पुढे असतो, त्याला मागचं उकडणं कळत नाही. कंपनी एक लिटरचं साधं इंजिन देत असेल आणि तुम्ही पाच जण असाल, तर भरल्या गाडीत चढावर एसी जाणवणारच, ऑटो असो वा नसो. तिथे मी पाऊण लाख आधी मोठ्या इंजिनला घालीन. आणि टेम्परेचरचा काटा खरोखरच वर चढत असेल तर दादाचं बरोबर आहे, एसी बंद करा आणि गाडी बाजूला घ्या.

टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी घेऊ नका. गाडी तासभर उन्हात उभी करायला सांगा, दुपारी तीनला जा, २४ लावा आणि परत येईपर्यंत बटणाला हात लावू नका. वडिलांना पुढच्या सीटवर बसवा आणि वीस मिनिटांनी त्यांनाच विचारा.