बीटनिक, पिकनिक आणि एक पोलिश यात्रेकरू

प्रश्न असा आहे : 'द बीटनिक्स' (१९६०) या स्वस्तातल्या अमेरिकी गुन्हेपटाच्या मराठी परिचयात 'बीटनिक म्हणजे दरोडेखोर तरुणांची टोळी' असे दिले आहे, आणि पुढे त्याच टोळीला दोनदा 'हिप्पी' म्हटले आहे. यातला 'बीट' पोलिसांच्या बीटमधला का? 'निक' सैनिकातला का? आणि मराठीत काय म्हणावे?

हिप्पीचे आधी उरकू. १९६० सालच्या चित्रपटात हिप्पी दाखवणे म्हणजे मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधणे. आज आपण ज्या अर्थाने हिप्पी म्हणतो तो अर्थ वर्तमानपत्रांतून रुळला १९६५ नंतर. लांब केस, फुले, रंगीबेरंगी झगे हे सगळे त्यांचे. बीटनिक त्यांच्या आधीचा : बीट म्हणवणाऱ्या अमेरिकी कवी-लेखकांची नक्कल करणारा तरुण. पडद्यावर तो काळ्याकुट्ट कपड्यांतला : उंच गळ्याचा स्वेटर, बेरे टोपी, हनुवटीपुरती बोकडदाढी, घरातसुद्धा गॉगल, मांडीत बोंगो नावाची जोडढोलकी. दोघांना एका पोत्यात भरणे आता पुरे.

'दरोडेखोर टोळी' या अर्थाचा दोष मात्र परिचय लिहिणाऱ्याचा नाही, चित्रपटाचाच आहे. पॉल फ्रीझने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मुखवटे घालून दुकाने लुटणारी पोरे आहेत, त्यांच्या म्होरक्याला गाण्याची संधी मिळते, आणि त्याचाच एक साथीदार खून करून बसतो. म्हणजे १९५०च्या दशकातली नेहमीची वाह्यात पोरे. कविता, बोंगो, तळघरातले कॉफीगृह यांतले काही नाही. नाव विकले जात होते म्हणून लावले. खरे कॉफीगृह बघायचे तर आदल्या वर्षीचा 'द रेबेल सेट' बघा. त्यात कॉफीगृहाचा मालकच तीन फाटक्या गिऱ्हाइकांना हाताशी धरून शिकागोत पैशांच्या चिलखती गाडीवर दरोडा घालायला लावतो, तोही रेल्वे तिथे चार तास थांबते तेवढ्या वेळात. अशा स्वस्तातल्या चित्रपटांच्या निर्मात्यांना बीटनिक परवडत. एकच तळघर, टेबलावर मेणबत्ती, अंधारात सेटची पुठ्ठ्याची भिंत दिसत नाही, कपडे काळे, वाद्यवृंदाऐवजी एक सॅक्सोफोन. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने १९५९ साली याच वातावरणातला एक खूनपट सुमारे ५०,००० डॉलरमध्ये, पाच दिवसांच्या चित्रीकरणात उरकला होता.

आता 'निक'. 'सैनिक'मधला निक म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे, की निक काढल्यावर उरलेला 'सै' म्हणजे काय? सेना + इक = सैनिक. 'न' सेनेचा, प्रत्यय फक्त 'इक'. पिकनिक फ्रेंच 'पीक-नीक'वरून आली. क्लिनिकात ग्रीक 'क्लिने' म्हणजे खाट आहे, 'न' खाटेचा. टेक्निकमधला 'न' 'तेख्ने'चा, म्हणजे कौशल्याचा. पॅनिकमध्ये तर पॅन नावाचा अख्खा देव बसला आहे. शेवटची दोन अक्षरे जुळली की गोत्र जुळले असे मानणाऱ्यांच्या हाती व्युत्पत्ती देऊ नये.

बीटनिकातला निक स्लाव्ह, म्हणजे रशियन-पोलिश भाषांच्या कुळातला आहे, आणि तो कुठून आला याची तारीखही सापडते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ८३.६ किलोचा, ५८ सेंटिमीटर व्यासाचा स्पुत्निक नावाचा गोळा आकाशात सोडला. दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, अमेरिकेचा उपग्रह घेतलेले रॉकेट उडताक्षणीच कोसळले, आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी आपल्याच फजितीला फ्लॉपनिक, कपुटनिक, स्टेपुटनिक अशी नावे ठेवली. लायका कुत्रीला घेऊन गेलेला दुसरा स्पुत्निक झाला मटनिक. मट म्हणजे गावठी कुत्रे. मटणाचा संबंध नाही, विचारू नये. या लाटेतच २ एप्रिल १९५८ रोजी 'सॅन फ्रॅन्सिस्को क्रॉनिकल'मधल्या आपल्या सदरात हर्ब केन याने लिहिले, की एका सचित्र मासिकाने नॉर्थ बीच या तिथल्या वस्तीत पन्नास 'बीटनिकां'साठी मेजवानी ठेवली आणि खर्च मासिकाचा आहे हे कळताच अडीचशेवर जमा झाले. शब्दाचा जन्म हा असा, फुकट्यांच्या पंगतीत.

निक यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आला, स्पुत्निकचे काय घेऊन बसलात, असे काही विद्वान म्हणतात. नुडनिक म्हणजे डोके खाणारा माणूस, ऑलराइटनिक म्हणजे नवा पैसा दाखवत फिरणारा. हे दोन्ही अमेरिकेतल्या ज्यूंच्या बोलण्यात आधीपासून होते हे खरे. यिडिशने जमीन नांगरून ठेवली होती हे कबूल. पण पेरा ऑक्टोबर १९५७ नंतरच झाला. सहा महिन्यांत इतके निक उगवतात आणि त्याच सहा महिन्यांत केनला हा निक सुचतो, तो निव्वळ योगायोग? भाषाशास्त्राच्या नावाखाली तारखांकडे डोळेझाक करू नये.

आणि स्पुत्निक म्हणजे तरी काय? रशियन 'पूत्य' म्हणजे वाट. 'पूत्निक' म्हणजे वाटसरू. त्याआधी 'स', म्हणजे सह. हा आपल्या 'सम्'चा नातलग मानतात. स्पुत्निक म्हणजे वाटेतला सोबती, आणि म्हणून उपग्रह. चंद्रही रशियनमध्ये पृथ्वीचा स्पुत्निकच. ही वाट आपल्या ओळखीची आहे : संस्कृत पन्थाः, मराठी पंथ, पांथस्थ. रशियनने मधला अनुनासिक गमावला, आपण ठेवला. पोलिशनेही ठेवला, आणि तिथे 'पोंत्निक' म्हणजे यात्रेकरू! पंथ + निक. हा शब्द एकट्याने सगळ्या चर्चेचे पैसे वसूल करून देतो. स्पुत्निकला मराठीत 'कृत्रिम उपग्रह' म्हणून आपण मोकळे झालो. तुकोबांचा 'जेथे जातो तेथे तू माझा सांगाती' हातात असताना 'सांगाती' कुणाला सुचू नये?

जाता जाता : २०२१ साली लशीमुळे सगळीकडे 'स्पुटनिक' झाले. तो ट इंग्रजीचा. रशियन उच्चार दंत्य आहे, म्हणून स्पुत्निक. उलट बीटनिक अमेरिकी, त्याला ट हवा. निकची इ ऱ्हस्व, पिकनिकसारखी. अनेकवचनी स जोडू नका : एक बीटनिक, चार बीटनिक, बीटनिकाने, बीटनिकांना. 'बीटनिक्सनी' हे दोन भाषांचे अनेकवचन एकावर एक घालणे झाले.

राहिला 'बीट'. बीट लेखकांतल्या जॅक केरुआकने पुढे सांगितले, की बीट म्हणजे धन्य, पावन, चर्चमध्ये उमगलेला अर्थ. लेखकाने आपल्याच शब्दाची व्युत्पत्ती नंतर सुधारून सांगितली तर ती पुराणात टाकावी, कोशात नाही. त्याच्या मंडळींनी हा शब्द उचलला हर्बर्ट हंकीकडून. हंकी म्हणजे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला भुरटा आणि व्यसनी. तिथल्या बोलीत बीट म्हणजे दमलेला, खिसा रिकामा असलेला, अंमली मालाच्या सौद्यात फसवला गेलेला. 'बीट पिढी' केरुआक १९४८ साली बोलण्यात म्हणाला, त्याचा लेखकमित्र जॉन क्लेलन होम्सने १९५२ साली छापली. म्हणजे गुन्हेगारीशी संबंध आहे, पण तो शब्दाच्या पूर्वार्धात, आणि मार खाणाऱ्याच्या बाजूने.

मराठीसाठी माझी सूचना : बीट म्हणजे भणंग, बीटनिक म्हणजे सडाफटिंग. 'सडाफटिंग' म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात तुच्छता असते आणि थोडा हेवाही, आणि केनच्या निकमध्ये नेमके हेच आहे. कवींना मात्र बीटनिक म्हणू नका. १९६२ साली मुंबईत उतरलेल्या गिन्सबर्ग या अमेरिकी कवीला या शब्दाची चीड होती. तो बीट कवी. बीटनिक म्हणजे बोंगोवाला.

पोलिसांच्या बीटचे राहिलेच. माझ्या तोंडावर सरळ 'नाही' येत होते, पण विचारणाऱ्याचा नेम अगदी चुकलेला नाही. दोन्हींच्या मुळाशी मारणे या अर्थाचे एकच इंग्रजी क्रियापद आहे. भणंग बीट म्हणजे मार खाल्लेला. हवालदाराची बीट म्हणजे त्याने रोज पायांनी तुडवलेली वाट.