पैसे एअर सस्पेन्शनचे, गाडी साध्या स्प्रिंगांची

प्रश्न : मी दिवाडीला राहतो, पणजीत औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. दसऱ्याला फर्मच्या नावावर 92 लाखांची एसयूव्ही घेतली. त्यात 7 लाख 80 हजारांचे ऑप्शन मी स्वतः निवडले होते : एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबावर गाडी वर-खाली करणारी यंत्रणा), हेड-अप डिस्प्ले (समोरच्या काचेवर वेग वगैरे दाखवणारा), व्हेंटिलेटेड सीटा आणि 360 अंशांचा कॅमेरा. रायबंदरच्या फेरीधक्क्यावर ओहोटीच्या वेळी गाडीचं पोट घासलं, तेव्हा गाडी उंच करायचं बटण शोधलं, तर ते नाहीच! हेड-अप डिस्प्लेही नाही आणि कॅमेरा शोरूमने बाहेरून बसवलेला. डीलर म्हणतो, बुकिंग फॉर्मवर ‘पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतात’ असं छापलंय, खाली तुमची सही आहे. गाडी 2,600 किलोमीटर चालली आहे. ती परत देऊन सगळे पैसे मिळतील का?

उत्तर : सगळे पैसे मागण्याचा हट्ट सोडा, हे आधीच सांगतो. वस्तू विक्री कायदा, 1930 नुसार माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो (कलम 15). नसेल तर तो नाकारता येतो, पण एकदा स्वीकारला की कलम 13 आडवं येतं आणि हातात राहते ती फक्त नुकसानभरपाई. गाडी ताब्यात घेणं, तिची नोंदणी करणं, दोन महिने चालवणं याला कोर्ट स्वीकारच म्हणणार. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराकडे जायची घाई. त्या गडबडीत आपण सगळेच ‘सर्व काही मिळाले’वर सही करतो. मीही केली आहे, वकील असून.

भरपाई मात्र तुम्हाला मिळायला हवी आणि ती नेमकी मागितली तर मिळण्याची शक्यता चांगली आहे. न आलेल्या ऑप्शनची किंमत, कॅमेऱ्यातला फरक, गाडीच्या पोटाच्या दुरुस्तीचं बिल, व्याज आणि खर्च, एवढंच मागा. मानसिक त्रासापोटी पन्नास लाख वगैरे लिहू नका. 92 लाखांच्या गाडीवाल्याचा त्रास वाचताना निवाडा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलं आहे.

आता त्या छापील ओळीचं. ब्रोशरमधला रंग बदलला, कंपनीने पुढच्या तुकडीतून एखादी सोय काढली, अशा वेळी ती ओळ डीलरला वाचवू शकते. पण ज्या वस्तूचे वेगळे पैसे घेतले ती न देता पैसे ठेवून घ्यायची मुभा त्या ओळीतून निघत नाही. म्हणून बुकिंग फॉर्म, प्रोफॉर्मा (आधी दिलेलं अंदाजे बिल) आणि टॅक्स इन्व्हॉइस (पक्कं बिल) शेजारी ठेवून वाचा. ऑप्शनांची नावं तिन्हींत आहेत का? इन्व्हॉइसमध्ये नुसतं ‘पॅकेज’ लिहून रक्कम टाकली असेल तर डीलर म्हणेल, हे पॅकेज वेगळंच होतं. मग सगळी मदार सेल्समनच्या व्हॉट्सअॅप मेसेजांवर. तो नोकरी सोडून गेला असला तरी डीलरचा प्रतिनिधी म्हणूनच बोलत होता, त्यामुळे त्याचा शब्द डीलरवर बंधनकारक ठरू शकतो. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. छापील प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

फेरीच्या उतारासाठीच एअर सस्पेन्शन हवं, असं तुम्ही सेल्समनला लिहिलं होतं का? असेल तर वस्तू विक्री कायद्याच्या कलम 16 प्रमाणे ‘विशिष्ट उपयोगासाठी घेतलेला माल’ हाही मुद्दा घेता येईल. मात्र ब्रँडच्या नावाने मागितलेल्या मालाला त्यात अपवाद आहे आणि समोरचा वकील तो काढणारच. मुख्य भर कलम 15 वर ठेवा.

याहून पक्का पुरावा कारखान्याकडे आहे. चॅसिस नंबर म्हणजे 17 अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक; तो देऊन, गाडी कोणत्या ऑप्शनांसह बनली याची यादी कंपनीकडे लेखी मागा. डीलरने ऑर्डरच साधी दिली होती की कारखान्यात ऑप्शन गळले, हे त्यावरून कळेल आणि जबाबदार कोण तेही. गोव्यातल्याच एका ग्राहकाला 2011 च्या गाडीचे पैसे घेऊन 2009 ची, आधीच 622 किलोमीटर चाललेली गाडी दिली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 2021 मध्ये कंपनी सुटली, कारण डीलर स्वतंत्र व्यापारी आणि त्याची लबाडी कंपनीला माहीत होती हे सिद्ध झालं नाही. तेव्हा दोघांना पक्षकार करा, पण तुमचा खरा प्रतिपक्ष डीलरच.

फर्मच्या नावावर बिल आहे म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असं ऐकवतील. एका कंपनीने संचालकासाठी घेतलेल्या आलिशान गाडीच्या प्रकरणात हाच बचाव सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये मान्य केला नाही. गाडी तुमच्या जाण्यायेण्यासाठी असेल तर तसं लिहा. तीत औषधांच्या पेट्या वाहत असाल, तर आधी मला सांगा.

तक्रार कुठे, यात लोक हमखास चुकतात. मागणी आठ-नऊ लाखांची म्हणून पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र ठरतं ते मागणीवर नव्हे, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर : 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. तुमची गाडी 92 लाखांची, म्हणून तुमचं ठिकाण पणजीचा राज्य आयोग. मुदत दोन वर्षं.

त्याआधी डीलरला या आठवड्यात स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि उत्तराला पंधरा दिवस द्या. उत्तरात तो बहुधा ‘हेड-अप डिस्प्ले बाहेरून फुकट लावून देतो’ असं म्हणेल. नको म्हणा. बाहेरच्या वायरिंगवरून वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि अशी जोडणी विमा कंपनीला वेगळी कळवावी लागते. तुमचा तो कॅमेरा पॉलिसीत लिहिला आहे का, तेही आजच बघा.