टर्बोचा इनलेट पाइप घरी बदलताना
इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कामाला हात घाला आणि एअर फिल्टरकडून हवा आणणारा जुना पाइप निघताक्षणी टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राच्या) उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून त्याचे टोक बाहेर लोंबते ठेवा. कारण आतले कॉम्प्रेसरचे चाक मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि एखादा वॉशरही त्याची पाती मोडतो. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचणीच्या दिवसांत अंगणभर रुई उडते, म्हणून मी तेव्हा हे काम काढतच नाही. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तो बहुधा ब्रीदर नळीतून, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ या पाइपात आणणाऱ्या नळीतून येतो. ती नळी मात्र नव्या पाइपाला घट्ट जोडा, नाहीतर न गाळलेली धूळ थेट आत जाईल. क्लॅम्प आवळताना पाइपाचे सिलिकॉन फुगून बाहेर येऊ लागले की थांबा.