लातूरला हॉलमध्ये पश्चिमेची मोठी खिडकी आहे, ६५ इंची टीव्ही कोणता घ्यावा?

दुपारनंतर ऊन थेट आत येणार, त्यामुळे ओएलईडीच्या (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, अशा टीव्हीच्या) नादी लागू नका. त्याच्या चित्रातला काळा रंग सुरेखच, पण अंधाऱ्या खोलीत. तुम्हाला मिनी एलईडी बॅकलाइटचा क्यूएलईडी, म्हणजे पडद्यामागे बारीक दिवे असलेला जास्त उजळ टीव्ही बरा. डब्यावर ‘एचडीआर’ (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणारं तंत्र) लिहिलंय म्हणून भुलू नका, निट्स विचारा, म्हणजे पडदा किती उजळतो त्याचं माप. १००० च्या आसपास हवेत. दुकानात टीव्ही बंद करायला लावा आणि पडद्यात छतावरची ट्यूबलाइट किती ठळक दिसते ते बघा. घरी तिच्या जागी तुमची खिडकी दिसणार! सोफा ८-९ फुटांवर असेल तर ६५ इंच बिनधास्त घ्या. फक्त खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका, बाजूच्या भिंतीवर लावा. खिडकीला जाड पडदे लागतीलच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ते तसेही दिवसभर ओढलेलेच असतात.