85 किमीचा डोंगराळ लूप: 11-28 ची कॅसेट पुरेल का?

तुम्ही विचारलंय की सपाटीवर 100 किमी निवांत होतात, आता 85 किमीचा, 1600 मीटर चढाईचा लूप करायचाय, तर तयारीला किती आठवडे लागतील, टायर कोणते घालू, आणि मित्र म्हणतात 11-28 ची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, सगळ्यात लहान 11 दातांचं, सगळ्यात मोठं 28 दातांचं) पुरे, त्याहून मोठी लावणं म्हणजे पळवाट, हे बरोबर आहे का.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. बरोबर नाही. मोठी लावा. 32 लावा, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) घेत असेल तर 34 लावा, आणि कोणाला स्पष्टीकरण देत बसू नका.

सायकल आणि तुम्ही मिळून 80 किलो धरू. 10 टक्क्यांच्या चढावर, म्हणजे 100 मीटरला 10 मीटर उंची, मिनिटाला निदान 60 पायडल तरी फिरावेत. पुढच्या, पायडलजवळच्या चक्राला 34 आणि मागच्याला 28 दात असतील तर 60 पायडलला वेग पडतो ताशी 9 किमीच्या आसपास आणि त्याला ताकद लागते साधारण 210 वॉट. मागे 34 असेल तर वेग साडेसात आणि ताकद 175 वॉट. जुन्या रेसिंग सायकलीवर असतं तसं 39-25 (पुढे 39, मागे 25) असेल तर तेच 60 पायडल टिकवायला 275 वॉट. तेवढी ताकद नसली की पायडल 45 वर, मग 40 वर येतात. वॉट कमी होतात, पण प्रत्येक पायडलला गुडघ्यातून आणि मांडीतून जाणारा जोर काही कमी होत नाही. एका चढावर हे चालून जातं. पाच चढांच्या लूपवर चौथ्या चढाला पाय हिशोब मागतात.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. माझा मोठा भाऊ तरुणपणी रेस करायचा. सायकल मला त्यानेच शिकवली, वळणावर बाहेरचा पाय खाली ठेवायचा हेही त्यानेच. त्याची सायकल अजून 39-25 वर आहे. मी कॉम्पॅक्ट क्रँक (पुढची लहान चक्रं) आणि 34 ची कॅसेट लावली तेव्हा तो सायकलीकडे बघून म्हणाला, "ही ताटली कशाला? पायात दम असला की गिअर लागत नाही." मी म्हटलं, "दादा, दम पुरवून वापरायलाच लावलीय." त्यावर तो नुसता हसला, आणि त्या हसण्याचा मला फार राग आला.

मग आम्ही दोघांनी एक लूप केला, तुमच्या लूपसारखाच. अंतर फार नाही, पण सपाट असा रस्ताच नाही, एक उतार संपला की लगेच पुढचा चढ. पहिल्या तीन चढांवर दादा पुढे. माथ्यावर थांबायचा, मी आले की लगेच निघायचा. मी हृदयाचे ठोके बघून चालवत होते, बोलता येईल इतपतच दम लागू देत होते. चौथ्या चढावर त्याचं अंतर वाढेना. तो उभा राहून चालवत होता, खांदे डावी-उजवीकडे हलत होते. मी बसून, सत्तरच्या केडन्सने, म्हणजे मिनिटाला सत्तर पायडल.

शेवटचा चढ अडीच किलोमीटरचा, नकाशावर सरासरी 8 टक्के. सरासरीवर विश्वास ठेवू नका, मधे पाऊण किलोमीटरचा जवळजवळ सपाट पट्टा आहे, म्हणजे उरलेला रस्ता 11 टक्क्यांच्या घरात जातो, आणि वळणाच्या आतल्या बाजूला त्याहून जास्त. त्या सपाट पट्ट्यानंतरच्या पहिल्या वळणावर दादाच्या दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. बूट पायडलला अडकवणारी क्लीट सुटायला क्षणभर उशीर झाला असता तर पडला असता. मी थांबले, त्याला पाणी दिलं, पाय ताणून दिले. म्हणाला, "तू हो पुढे." मी त्या उभ्या चढावर पुन्हा सायकलीवर बसून निघू शकले, हीच 34 ची कमाई. 25 वर 11 टक्क्यांत थांबल्यावर पुन्हा सुरुवात करून बघा. तो चालत वर आला.

चालण्यात कमीपणा काहीच नाही. 1910 साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा तुर्माले घाटावरून गेली, 2115 मीटर उंच. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ काही ठिकाणी सायकल ढकलत चढला होता. मला राग आहे तो नंतरच्या बोलण्याचा. दादा आजही सांगतो की त्या दिवशी ऊन फार होतं आणि मीठ कमी पडलं. ऊन मलाही तेवढंच होतं.

आणि "खरा सायकलिस्ट गिअरवर अवलंबून नसतो" हा त्याचा लाडका मुद्दा तर शंभर वर्षं जुना आहे. टूर सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत हेच होतं. त्यांच्या काळात टूरमधल्या बहुतेक सायकलस्वारांना डिरेलर वापरायची परवानगीच नव्हती. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूचं मोठं दातेरी चक्र वापरायचं, वर पोचल्यावर पुन्हा तेच. देग्रांज बाजूला झाल्यावर 1937 साली टूरमध्ये सगळ्यांना डिरेलरची मुभा मिळाली. तेव्हापासून गिअर वापरले म्हणून एकाही विजेत्याला कोणी पळवाटीचा दोष दिलेला नाही. जगातले सगळ्यात ताकदवान पाय गिअर वापरतात आणि रविवारी सायकल काढणाऱ्या माणसाने वापरले की पळवाट, हे मला कधीच पटलं नाही. दादा, तू हे वाचत असशील तर वाच.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. 100 किमी होत असतील तर तयारीला आठ ते दहा आठवडे धरा. अंतर वाढवू नका, चढ वाढवा. आठवड्यातून एकदा एकच चढ पुन्हा पुन्हा करा, शेवटची फेरी पहिल्या फेरीएवढ्याच वेळात झाली पाहिजे. ती हळू झाली तर पहिली फार जोरात केलीत. सुट्टीच्या दिवशी लांब राईड, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा चढ शेवटी येईल असा रस्ता निवडा. दर तासाला 60 ग्रॅमपर्यंत कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि ती पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट बघून नाही.

लूपची दिशा आधी ठरवा. एकाच डोंगराची एक बाजू लांब आणि सौम्य असते, दुसरी आखूड आणि उभी. पहिल्या वेळी सौम्य बाजूने चढा म्हणून सगळे सांगतात. मी अट घालेन, उभी बाजू उतरताना रस्ता चांगला असला तरच. खड्डे आणि वाळू असतील तर उभी बाजू चढायलाच घ्या, चढावर खड्डा जिवावर बेतत नाही. उतारावर वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही हातांनी. वळणात शिरल्यावर जोराने दाबायचा नाही, आणि नजर वळण जिथे सुटतं तिथे. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, रिमवर घासणारे) असतील तर सगळा उतार ब्रेक घासत उतरू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

टायर 28 मिलिमीटर रुंदीचे, फ्रेममध्ये बसत असतील तर. हवा सपाटीपेक्षा जास्त भरायची गरज नाही. एवढंच पुरे, टायरने चढ सोपा होत नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. तुमच्या लूपमधले सगळे चढ 6 टक्क्यांच्या आत असतील तर 28 वरही चालून जाईल, आधी प्रत्येक चढाचा सगळ्यात उभा भाग नकाशावर वेगळा काढून बघा. गुडघा आत्ताच दुखत असेल तर गिअरच्या आधी सीटची उंची तपासून घ्या. आणि कॅसेट विकत घेण्याआधी मागचा डिरेलर किती दातांपर्यंत चालतो ते बघा. आखूड पिंजऱ्याचे (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेले) बरेच जुने डिरेलर 28 किंवा 30 च्या पुढे जात नाहीत, तसं असेल तर डिरेलरही बदलावा लागेल. चेन तर बहुतेक लांब लागेलच. जुनीच आखूड चेन ठेवून पुढे मोठं आणि मागे मोठं असा गिअर चुकून पडला तर डिरेलर मोडतो. सगळं बसवून झाल्यावर लूपला निघण्याआधी एखाद्या छोट्या चढावर, जोर लावलेला असताना, सगळे गिअर बदलून बघा.